प्रिंटर कागद खायलाय

पुण्यातल्या एका भाषाविज्ञान विभागात बोलींच्या प्रकल्पावर सहायक म्हणून ती रुजू झाली, तेव्हा तिच्याजवळ मराठीची एम.ए. होती, नेटची अर्धवट तयारी होती आणि आपली नांदेडकडची बोली पुण्यात तोंडातून निसटू द्यायची नाही असा पक्का निर्धार होता. निर्धार मोडला प्रिंटरने. तीन वाजता व्याख्यान, सरांना हँडआउटच्या प्रती हव्यात आणि यंत्रात कागद अडकलेला. घाईघाईत ती बोलून गेली, ‘‘सर, प्रिंटर कागद खायलाय.’’

सर लगेच उठले. ते प्रिंटरकडे जातील असं तिला वाटलं. ते तिच्यासमोर खुर्ची ओढून बसले, खिशातून बसचं तिकीट काढलं आणि त्याच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहू लागले. ‘‘खायलाय. छान. आता काल हेच चाललं होतं असं सांगायचं असेल तर? ‘खायलता’? तुमच्या आजीसुद्धा असंच म्हणतात? आणि नकारार्थी कसं कराल?’’ पावणेतीन वाजले तरी ‘खात नाही’ आणि ‘खाईना’ यांतला भेद सुटला नव्हता. प्रती अखेर शिपाईमामांनी समोरच्या झेरॉक्सवाल्याकडून आणल्या. व्याख्यान उशिरा सुरू झालं, आणि त्यातलं पहिलं उदाहरण हँडआउटमध्ये नव्हतंच. सरांनी ते फळ्यावर लिहिलं. त्यात एक प्रिंटर होता.

शाळेतल्या बाईंनी ज्या क्रियापदासाठी तिच्या हातावर पट्टी मारली असती, त्याच क्रियापदासाठी इथे तिला स्पेशल चहा मिळाला. हा धक्का पचायला वेळ लागला.

पुढे तिच्या लक्षात आलं की या मंडळींना मजकूर ऐकू येत नाही असं नाही, पण त्याचा नंबर दुसरा लागतो. एकदा कार्यालयातल्या मुलाचा सकाळी फोन आला, ताप आहे, ‘‘सर, मी आज येऊ नाही शकत.’’ सरांनी ताप किती, डॉक्टरला दाखवलं का, हे सगळं विचारलं; माणूस मनाने चांगला. पण त्याआधी त्यांनी विचारलं, की तू ‘येऊ शकत नाही’ असं का म्हणाला नाहीस, मधे ‘नाही’ घालायची सवय कॉलेजात लागली की आधीपासून होती. ‘माझी मदत कर’, ‘मला पुस्तक भेटलं’, ‘येऊ नाही शकत’ ही वाक्यं ऐकली की वर्तमानपत्रांना पत्रं लिहिणाऱ्यांचं रक्त खवळतं. भाषाविज्ञानाच्या प्राध्यापकाचे डोळे चमकतात. डोळ्यांदेखत भाषा बदलते आहे आणि आपण तिथे हजर आहोत, याचं त्याला कोण कौतुक! बोलणाऱ्याला मात्र आपली चूक काढली जाते आहे की आरती ओवाळली जाते आहे, याचा पत्ता लागत नाही.

ही खोड आजची नाही. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातल्या पतंजलीने महाभाष्यात एक किस्सा दिला आहे. कुणी एक वैयाकरण रथाजवळ येऊन विचारतो, या रथाचा प्रवेता कोण? सारथी सांगतो, मी याचा प्राजिता. प्रश्नाचं उत्तर मिळालेलं असतं, पण वैयाकरणाला त्याचं काय! तो म्हणतो, हा शब्द अशुद्ध. सारथी ऐकून घेत नाही. तो सुनावतो, की महाराजांना नियम ठाऊक आहेत, लोकांना काय मान्य आहे ते ठाऊक नाही. वैयाकरण चिडून त्याला सारथ्याच्या ‘सूत’ या नावावरून बनवलेली शिवी हासडतो. त्यावर सारथी त्या शिवीची व्युत्पत्तीच चुकल्याचं दाखवतो आणि शिवी द्यायचीच असेल तर कोणतं रूप वापरावं, तेही सांगतो. रथ मग निघाला की नाही, हे पतंजलीला सांगावंसं वाटलेलं नाही. त्याच महाभाष्यात असंही म्हटलं आहे, की घडा हवा असलेला माणूस कुंभाराकडे जाऊन ‘घडा करून दे’ म्हणतो, पण बोलायचं आहे म्हणून वैयाकरणाच्या दारात ‘शब्द करून दे’ म्हणत कुणी जात नाही. स्वतःच्या धंद्याची गरज कुणालाच नाही, हे इतक्या मोकळेपणाने कबूल करणारा दुसरा शास्त्रज्ञ शोधून सापडणार नाही.

आणि काटकसर! पाणिनीने सुमारे 4,000 सूत्रांत संस्कृतचं व्याकरण बसवलं. त्यातलं अखेरचं सूत्र म्हणजे नुसते दोन अकार. सूत्रात अर्धी मात्रा वाचली तर वैयाकरणाला मुलगा झाल्याइतका आनंद होतो, असं परंपरेतच म्हटलेलं आहे. विभागात मुलगा झाल्याचा हा आनंद तिने प्रत्यक्ष पाहिला. आठ नियमांत बसवलेली एक सामान्यरूपांची भानगड एका दुपारी सात नियमांत बसली आणि एरवी चहाचे पैसे विसरणाऱ्या सरांनी सगळ्या मजल्याला सामोसे खिलवले. दुसऱ्या दिवशी ‘भाऊ’ आडवा आला आणि आठवा नियम परत घालावा लागला. सामोसे अर्थात परत घेता आले नाहीत.

तिचं मुख्य काम होतं टंकन आणि लिप्यंतर. टंकन करता करता तिला एका रामाची ओळख झाली. हा राम रामायणातला नव्हे. हा वर्षभर आंबे खातो. रामने आंबा खाल्ला, रामने पोळी खाल्ली, रामने केळं खाल्लं. मराठीत भूतकाळात सकर्मक क्रियापद कर्त्याचं न ऐकता कर्माचं ऐकतं, आणि ‘मी’ आणि ‘तू’ यांना तर तो ‘ने’सुद्धा लागत नाही. हे दाखवायचं तर एक पुल्लिंगी, एक स्त्रीलिंगी आणि एक नपुंसकलिंगी वस्तू कुणीतरी खाणं भागच आहे. वाक्यं चिकटवलेल्या फाइली उचलताना शिपाईमामांनी एकदा विचारलं होतं, ‘‘ताई, ह्यो माणूस भाजी खातच नाही का?’’

संस्कृत व्याकरणात हे खाण्या-शिजवण्याचं काम देवदत्ताकडे असे. इंग्रजी पुस्तकांत ते जॉन आणि मेरीकडे आलं, आणि तिथे प्रकरण हातघाईवर गेलं. सकर्मक क्रियापद दाखवायचं म्हणून जॉनने मेरीला किती मारलं असेल, याला सुमार नाही. मोनिका मॅकॉले आणि कॉलिन ब्राइस या दोघींनी वाक्यविन्यासाच्या पाठ्यपुस्तकांतली उदाहरणं तपासून 1997 साली ‘लँग्वेज’ या नियतकालिकात लेख लिहिला. उदाहरणांत कर्तेपण बहुतेक पुरुषांकडे, बायका कमी, आणि आल्या तरी ठरावीक साच्यातल्या, असं त्यात निघालं. गाढवाचे हाल वेगळेच. पीटर गीच या तत्त्वज्ञाने 1962 साली गाढव पाळणाऱ्या आणि त्याला मारणाऱ्या शेतकऱ्याचं एक वाक्य चर्चेला घेतलं. त्यातलं सर्वनाम नेमकं कुणाकडे बोट दाखवतं, यावर साठ वर्षं लेख निघताहेत आणि तोवर शेतकरी गाढवाला बडवतोच आहे. अलीकडे काही दयाळू अभ्यासक शेतकऱ्याला गाढव कुरवाळायला लावतात. तर्काला त्याने बाधा येत नाही.

मराठीत माणसांना मारावं लागत नाही, कारण आपल्याकडे ‘आपण’ आहे. ‘रवीने शरदला सांगितलं, की आपण मूर्ख आहोत.’ मूर्ख कोण? रवी एकटा, की दोघंही, की ऐकणाराही त्यात धरायचा? या एका वाक्यावर झालेला परिसंवाद तिने ऐकला आहे. जेवणाची सुट्टी झाली तरी कुणी ठामपणे मूर्ख ठरलं नव्हतं.

वाक्य बरोबर की चूक हे ठरवायची पद्धत तर पाहण्यासारखी. चुकीच्या वाक्यापुढे तारका, किंचित खटकणाऱ्यापुढे एक प्रश्नचिन्ह, जास्त खटकणाऱ्यापुढे दोन, आणि धड इकडे ना तिकडे असेल तर प्रश्नचिन्ह आणि तारका दोन्ही. हा निवाडा करायला उपकरण लागत नाही. डोळे मिटायचे, वाक्य पुटपुटायचं आणि म्हणायचं, ‘‘मला चालतंय.’’ समोरचा म्हणतो, ‘‘मला नाही चालत.’’ तिसरा म्हणतो, ‘‘तुम्ही कोल्हापूरचे, तुम्हाला काहीही चालतं.’’ मग निष्पक्ष पंच म्हणून मामांना बोलावलं जातं. मामांनी एकदा विचार करून दिलेला निकाल तिने स्वतःच्या वहीत लिहून ठेवला आहे: ‘‘साहेब, असं बोलायला काय हरकत नाय. पण बोलायचं कशाला?’’

गंमत अशी, की डोळे मिटून केलेला हा न्याय बहुतेक खरा निघतो. जॉन स्प्राउस आणि दिओगो अल्मेइदा यांनी इंग्रजी वाक्यविन्यासाच्या एका पाठ्यपुस्तकातली 469 उदाहरणं घेऊन 440 सामान्य माणसांवर तपासली. 2012 साली त्याचे निष्कर्ष आले. प्राध्यापकांचं आणि लोकांचं सुमारे 98 टक्के उदाहरणांवर एकमत होतं. बातमी विभागात पोचली तेव्हा वाक्यविन्यासवाले सर दिवसभर मान ताठ करून फिरले. ध्वनिविज्ञानाच्या मॅडमनी शांतपणे विचारलं, ‘‘आणि उरलेले 2 टक्के? त्यावरच तर तुमची प्रमोशनं झाली.’’

या मॅडमची जात निराळी. वाक्याशी त्यांना कर्तव्य नसतं; त्या तोंडाकडे बघतात. बसमध्ये, बँकेत, लग्नाच्या पंगतीत. ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा, यांतले दोन ज मराठी माणूस न चुकता वेगळे काढतो आणि लिहिताना एकच लिहितो, हे त्यांचं आवडतं आश्चर्य. ‘चार गुरं चार’ हे वाक्य त्यांनी विभागात येणाऱ्या प्रत्येकाकडून वदवून घेतलं आहे. पाण्याचा फिल्टर दुरुस्त करायला आलेला मुलगाही सुटला नाही. बंद दारामागून त्यांचा ‘प, फ, प, फ, ब्भ’ असा सराव चालू असतो. नव्या सुरक्षारक्षकाने पहिल्याच आठवड्यात कार्यालयात येऊन हळूच विचारलं होतं, की आतल्या मॅडमना दम्याचा त्रास आहे का.

मॅडमचा शत्रू म्हणजे पंखा. ध्वनिमुद्रणात घरघर नको म्हणून पंखा बंद. मे महिना असो, पत्र्याचं घर असो, बोलणाऱ्या आजी पदराने वारा घेत असोत, पंखा बंद म्हणजे बंद. आणि पदराचा आवाज येतो म्हणून पदरही बंद. प्रकल्पाच्या कामाला गावात गेल्यावर तिला कळलं, की भाषा टिपायला निघालेल्या माणसाचं खरं भांडण कोंबडा, कुकरची शिट्टी आणि ‘पाव्हण्यांनी खाल्लं का’ असं दारातून ओरडणाऱ्या शेजारणीशी असतं.

गावात गेल्यावर काय विचारायचं, याचीही एक परंपरा आहे. जॉर्ज ग्रिअर्सनने 1894 ते 1928 या काळात भारतीय भाषांची पाहणी केली आणि 179 भाषा आणि 544 बोली नोंदवल्या. तुलना करता यावी म्हणून त्याने बायबलातली एकच गोष्ट जागोजाग भाषांतर करून मागवली: एका माणसाला दोन मुलगे, धाकटा वाटणी मागतो आणि उधळतो. मराठीचा खंड 1905 साली निघाला. तो चाळताना कोकणापासून नागपूरपर्यंत बाप तोच, वाटणी तीच आणि डुकरं राखायला जाणारा पोरगाही तोच भेटत राहतो. कुणा परक्याच्या हाती केवळ ते खंड लागले, तर या देशातल्या माणसांना वाटण्यांखेरीज बोलायला विषय नव्हता, असं त्याला वाटेल. तसा त्याचा अंदाज फार चुकला असता असंही नाही.

नंतर आल्या शब्दांच्या याद्या. मॉरिस स्वाडेश या अमेरिकन अभ्यासकाने जगातल्या कुठल्याही भाषेत असणारच अशा 100 मूळ शब्दांची यादी केली. पाणी, सूर्य, डोळा, राख, शेपटी... आणि ऊ. होय, डोक्यातली ऊ. ऊ सगळीकडे असते आणि तिचं नाव कुणी सहसा उसनं घेत नाही, म्हणून शास्त्राच्या दृष्टीने ती फार विश्वासू. पण परगावच्या सुशिक्षित बाईने ओट्यावर बसून, चहाचा कप हातात घेऊन, ‘‘मावशी, तुमच्याकडे उवेला काय म्हणतात?’’ असं विचारलं की मावशीचा हात आधी स्वतःच्या अंबाड्याकडे जातो आणि मग चेहरा बदलतो. सहायिकेने स्वतःच्या जबाबदारीवर ऊ यादीच्या शेवटी ढकलली. शेपटीनंतर लगेच ऊ आली तर चहा अर्ध्यावर राहतो, हा तिचा अनुभव. पद्धतिशास्त्राच्या पुस्तकात तो नाही.

चित्रफिती दाखवून बोलतं करणं हा आधुनिक मार्ग. वॉलेस चेफ यांनी 1975 साली बर्कलीत एक सहा मिनिटांचा बिनसंवादाचा चित्रपट करवून घेतला. एक माणूस झाडावर चढून नास्पती तोडतो आणि सायकलवरचा पोरगा त्याची टोपली पळवतो, एवढीच गोष्ट. आजवर तो असंख्य भाषांच्या भाषकांना दाखवून झाला आहे. नायमेखनच्या माक्स प्लांक संस्थेतल्या अभ्यासकांनी कापणं आणि मोडणं या क्रियांच्या 61 छोट्या फिती केल्या; त्यांत कुणी कापड फाडतं, कुणी काठी मोडतं, तर एकजण कराटेचा हात मारून गाजराचे तुकडे करतो. अभ्यासकाला त्यातून कापणे, चिरणे, तोडणे, मोडणे, फाडणे यांच्या सीमा हव्या असतात. मराठी माणसाकडून मिळतं मत. अशा फिती दाखवल्यावर ‘‘इथे काय झालं?’’ या प्रश्नाला तिला मिळालेली उत्तरं अशी: ‘‘वाया घातलं.’’ ‘‘घरात विळी नाही का?’’ आणि एका आजोबांकडून, बराच वेळ पडद्याकडे पाहून झाल्यावर, ‘‘कामून?’’

या सगळ्यात हुशार निघाला विल्यम लबाव. माणसाला आपण ऐकतोय हे कळलं की तो सरळ बोलत नाही, हा त्याच्यापुढचा पेच. 1962 साली तो न्यूयॉर्कच्या तीन मोठ्या दुकानांत गेला, एक श्रीमंतांचं, एक मध्यमवर्गीयांचं, एक स्वस्त मालाचं. चौथ्या मजल्यावर काय मिळतं ते आधीच पाहून ठेवायचं आणि विक्रेत्याला नेमकं तेच कुठे मिळेल म्हणून विचारायचं. उत्तर आलं ‘चौथा मजला’, की ऐकू न आल्यासारखं पुढे वाकायचं, म्हणजे तो तेच नीट घोळून पुन्हा म्हणतो. मग त्याच्या नजरेआड जाऊन इंग्रजी उत्तरातला र किती वेळा उच्चारला ते टिपायचं. साडेसहा तासांत 264 माणसं झाली. श्रीमंती दुकानात र जास्त, स्वस्त दुकानात कमी. समाजाची उतरंड एका व्यंजनात सापडली. त्याने तिथे काही विकत घेतल्याची नोंद मात्र नाही. तेव्हापासून भाषाविज्ञानाचा कुणी प्राध्यापक दुकानात ‘‘काय म्हणालात?’’ असं विचारू लागला, की तो बहिरा आहे असं समजू नये.

घरची माणसं तर हक्काचीच. वेर्नर लिओपोल्ड यांनी आपल्या मुलीच्या बोलण्यावर 1939 ते 1949 या काळात चार खंड लिहिले. नील स्मिथ यांच्या 1973च्या पुस्तकाचा नायक त्यांचाच मुलगा. एमआयटीच्या डेब रॉय यांनी बाळ जन्माला येण्याआधीच घरात 11 कॅमेरे आणि 14 मायक्रोफोन छताला बसवले. केन हेल हा तर कुणालाही मागे टाकणारा. ऑस्ट्रेलियातल्या वार्लपिरी लोकांची भाषा शिकला आणि अमेरिकेत परतल्यावर आपल्या जुळ्या मुलांशी तीच बोलत राहिला. विभागातल्या एका सरांची नात ‘मी काम करलं’ म्हणू लागली तेव्हा तिला ‘केलं’ शिकवायला धावलेल्या आजीला आजोबांनी दटावलं, ‘‘खबरदार! नियम स्वतः शोधलाय तिने. अजून दोन आठवडे थांब, माझा पेपर होऊ दे.’’ आजींनी पुढे जे म्हटलं त्याची नोंद झालेली नाही, पण सर त्या दिवशी डबा न घेता आले.

थेट उत्तर न देणं हा या जातीचा अखेरचा आणि न सुटणारा गुण. गोव्यातल्या एका परिषदेला जाताना टॅक्सीवाल्याने सरांना सहज विचारलं, ‘‘सर, कोंकणी भाषा का बोली?’’ दाबोळीहून निघालेली गाडी ताळगावच्या विद्यापीठापर्यंत पोचली तरी उत्तर संपलं नव्हतं. त्यात सु. मं. कत्रे यांचं 1942चं कोकणीच्या घडणीवरचं पुस्तक आलं, साहित्य अकादमीने 1975 साली दिलेली स्वतंत्र भाषेची मान्यता आली, 1987चा राजभाषा कायदा आला, 1992ची आठवी अनुसूची आली. भाषा आणि बोली हा भेद भाषाविज्ञानाचा नसून राजकारणाचा कसा आहे, तेही आलं. टॅक्सीवाला सगळं ऐकून घेऊन म्हणाला, ‘‘म्हळ्यार तुमकां खबर ना.’’ सरांनी खिशातलं तिकीट चाचपलं आणि त्याला ते परत म्हणायला सांगितलं.

त्यांच्यावर हसणं सोपं आहे, पण त्यांच्याइतकं त्यांच्यावर कुणी हसलेलं नाही. शिकागोचे जेम्स मॅकॉली हे साठ-सत्तरच्या दशकांत चॉम्स्कीपंथाशी झालेल्या भाषिक युद्धातले बिनीचे शिलेदार. त्यांनी ‘क्वांग फुक डाँग’ या टोपणनावाने इंग्रजी शिव्यांच्या वाक्यरचनेवर लेख लिहिले आणि लेखकाचा पत्ता म्हणून ‘दक्षिण हनोई तंत्रविज्ञान संस्था’ असं एक नाव बनवलं, ज्याची इंग्रजी आद्याक्षरं जुळवली की सभ्य माणसाने उच्चारू नये असा शब्द होतो. शिवीतला कर्ता कोण, ते आज्ञार्थी वाक्य आहे की नाही, हा त्यातला प्रश्न मात्र खरा होता आणि उत्तरही गंभीर होतं. 1971 साली मित्रांनी मॅकॉलींना गौरवग्रंथाऐवजी एक बदनामीग्रंथ अर्पण केला. त्यांनी स्वतः पुढे, 1984 साली, चिनी हॉटेलातला मेनू चिनी लिपीत कसा वाचावा यावर एक अख्खं पुस्तक लिहिलं. त्या मानाने पुण्यातले सामोसे साधेच म्हणायचे.

आता ती जुनी झाली आहे. आईला फोन केला की मधेच ‘‘थांब, हे परत म्हण’’ म्हणते आणि आई ‘‘याड लागलंय का तुला’’ म्हणून फोन ठेवते. मराठीचं शुद्धलेखन सुधारा म्हणून विभागात येणाऱ्या पत्रांना उत्तरं तीच लिहिते: लेखनाचे नियम साहित्य महामंडळाने ठरवले, शासनाने मान्य केले, आमचा त्यात हात नाही. आणि 27 फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन जवळ आला की पत्रकारांचे फोनही तिच्याकडेच येतात. 2024 साली मराठीला अभिजात दर्जा मिळाल्यापासून ते वाढलेत. प्रश्न ठरलेला असतो. या वर्षी सर दौऱ्यावर होते, मॅडम बंद दारामागे ‘ब्भ’ करत होत्या, आणि फोनवरचा तरुण घाईत होता. ‘‘मराठी मरते आहे का, यावर सरांची दोन वाक्यं भेटतील का?’’

‘‘भेटतील,’’ ती म्हणाली. ‘‘पण आधी सांगा, तुमचं गाव कुठलं? आणि घरात ‘भेटतील’ म्हणतात की ‘मिळतील’? आई कुठली तुमची?’’

पलीकडे जरा वेळ काही बोलणं झालं नाही, मग फोन ठेवल्याचा आवाज आला. दुसऱ्या दिवशीच्या अंकात छापून आलं, की भाषातज्ज्ञांशी संपर्क साधण्याचा प्रयत्न केला असता तो होऊ नाही शकला. ‘नाही’ कुठे आलं आहे, ते मामांनी दाखवलं.